सागवानातला पेंटबॉलचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. पण मी महालक्ष्म्यांचा मुखवटा नव्हे आणि सोंगाड्याचाही नव्हे. पेंटबॉल नावाचा एक खेळ आहे, त्या खेळातला मी मुखवटा. या खेळात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक असते. तिच्यातून सुपारीएवढी, पातळ सालीची गोळी सुटते, अंगावर फुटते आणि रंगाचा डाग पडतो. ज्याला डाग पडला तो बाद. मांडीवर किंवा पाठीवर गोळी बसली, तर चिमटा काढल्यासारखं होतं, एवढंच. डोळ्यावर बसली तर मात्र डोळा जातो. म्हणून माझा जन्म.

माझा स्वभाव थोडा संशयी आहे. तो मला दुकानात जडला. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला साच्यातून काढलं, पुढे जाड काच बसवली आणि खोक्यात घातलं. काच म्हणायची, पण ती खरी काच नव्हे, न फुटणारं कठीण प्लास्टिक. तिथून मी आलो हैदराबादच्या एका खेळसाहित्याच्या दुकानात. मालक मला शर्टाच्या बाहीनं पुसायचा आणि एका गिऱ्हाइकाला सांगायचा, "जर्मनी का माल है." दुसऱ्याला सांगायचा, "जपान का है." मी खिळ्यावर लटकून ऐकत असे. तेव्हापासून कुणी गोड बोलू लागलं की माझे पट्टे आपोआप आवळले जातात.

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात दुकानात एक बहीण-भाऊ आले. भाऊ शिवशंकर. तो पुण्याकडे साहसी खेळांच्या एका शिबिरात नोकरी करून गावी परतला होता. हिंगोलीजवळ, नरसीच्या रस्त्याला त्यांच्या वडिलांनी लावलेलं सागवान होतं. शहरातल्या लेकरांना तिथं हा खेळ खेळायला बोलवायचं, असं त्याच्या मनात होतं. बहीण ज्योती त्याच्याहून मोठी, हिंगोलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका.

शिवशंकरची नजर थेट बंदुकांवर गेली. "ताई, ही बघ! केवढी नळी, अन् वर दुर्बीण!"

"दुर्बिणीतून काय बघतो रे? आपली झाडं हाताहाताच्या अंतरावर हायेत. तेवढी नळी घेऊन वळशील कसा? खोडात अडकून बसशील, अन् लेकरं येऊन रंगवून जातील."

मालक मध्ये पडला. "मॅडम, नया खिलाडी है तो पहले गन अच्छी लो."

"गन मागून. अगोदर डोळे," ज्योती म्हणाली.

मालकानं कारखान्यात घालतात तसला साधा चष्मा पुढे केला. "ये लो. सेम चीज. सस्ता बी पडता."

"याच्यात कान कुठं झाकतात? जबडा कुठं झाकतो?"

"बच्चे लोगां जबडे पे कायकू मारते?"

"आमच्याकडची लेकरं मारतात. बराबर जबड्यावरच मारतात."

मग तिनं मला खिळ्यावरून काढलं. तोंडावर चढवलं, वाकली, उड्या मारल्या, मान गदगदा हलवली आणि तसंच जोरजोरानं श्वास सोडत उभी राहिली. शेजारचं गिऱ्हाईक हसू लागलं.

"ताई, लोक बघून राहिले ना!" शिवशंकर खाली मान घालून पुटपुटला.

"बघू दे. आतून वाफ धरली की पोरगं खेळता खेळता मुखवटा वर सारतं. नेमकी तेव्हाच गोळी येते."

माझी काच दुहेरी होती, तिच्यावर वाफ धरली नाही. पट्टाही सरकला नाही. तेव्हा कुठे तिनं मला बाजूला ठेवलं आणि माझ्यासारखेच आणखी घेतले. बंदुका निवडल्या त्या साध्या, हलक्या, चापाच्या एका ओढीला एकच गोळी सोडणाऱ्या. गोळ्या हातात घेऊन पाहिल्या. ज्या चेपलेल्या किंवा चिकट वाटल्या त्या परत केल्या. कपडे मात्र काहीच घेतले नाहीत. "बापाचे जुने पुऱ्या बाह्यांचे सदरे हायेत घरी. काट्याकुट्यात तेच बरे. बुटं तेवढी घोट्याच्या वर येणारी लागतील."

मला तिचा रागच आला होता. एवढा विश्वास नाही, तर नेता कशाला?

घरी आलो तर तिथं आणखी एक संशयी माणूस. मंजुळाबाई, या दोघांची आई. पहाटे तुळशीला पाणी घातल्याशिवाय चूल न पेटवणाऱ्या. त्यांनी मला पालथं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, "हे तोंडाला लावायचं हाय का घोड्याचा तोबरा हाय?"

"मुखवटा हाय माय."

"मुखवटा देवाला असतो. माणसानं तोंड झाकलं म्हणजे त्याच्या मनात काही तरी हाय."

गावालाही तसंच वाटलं. सागवानातून फटफट आवाज येऊ लागले, खोडांवर तांबडे डाग दिसू लागले. तिसऱ्याच दिवशी पोलीस पाटील माणिकराव काठी टेकत हजर.

"शिवशंकर, काहून रे? कोणावर चाल करून जायची तयारी चालून राहिली?"

"खेळ हाय पाटील. रंग हाय तो."

माणिकरावांनी खोडावरचा डाग बोटावर घेऊन हुंगला. चेहऱ्यावरचा संशय काही हलला नाही. "मग खेळून दाखव."

त्यांच्या तोंडावर मलाच चढवलं. धोतराचा काचा मारून पाटील झाडामागे जे दडले, ते दिवस मावळेपर्यंत निघेनात! शिवशंकरच्या पाठीवर बरोबर मधोमध त्यांनी रंग उडवला आणि जाताना म्हणाले, "उद्या येतो. चौकशी अजून पुरी झाली न्हाई."

मित्रांनो, पुढची वर्षं सुखाची गेली. हिंगोलीहून, वसमतहून, नांदेडहून लेकरं यायची. कितीतरी गोळ्या माझ्या काचेवर फुटल्या आणि आतले डोळे हसत राहिले. "हा मुखवटा मला, हा मला!" अशी भांडणं व्हायची. तेव्हा माझा ऊर भरून यायचा. पण ज्योतीचं आपलं तेच. सुट्टीच्या दिवशी ती यायची आणि खेळाआधी प्रत्येक मुखवटा हातात घेऊन पट्टा ओढायची, काच अंगठ्यानं दाबायची. खेळ संपला की साध्या पाण्यानं धुवायची आणि मऊ फडक्यानं टिपायची. दुसरं काही म्हणजे काही लावू द्यायची नाही.

लेकरांनी तिचं नाव ‘संशय मॅडम’ ठेवलं. शिवशंकरही चिडवायचा. "ताईला देवानं समोर येऊन दर्शन दिलं, तर ती म्हणंल, आधी ओळखपत्र दाखवा!" सगळे खदखदून हसायचे. पहिल्यांदा तीही हसायची. पुढे पुढे नुसतीच मान खाली घालून पट्टे ओढू लागली. मला ते जाणवत होतं. आणि खरं सांगतो, मलाही वाटायचं, इतकी वर्षं झाली, आता तरी बाईनं माझ्यावर भरवसा ठेवावा.

दोन हजार आठची खंडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडे विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, शिवणयंत्र अशा सगळ्या हत्यारा-अवजारांची पूजा होते. मंजुळाबाईंनी त्या वर्षी पेंटबॉलच्या बंदुकाही पाटावर मांडल्या. आणि मुखवटे पाहून त्यांचा हात थांबला. मुखवटा म्हटल्यावर कपाळ मोकळं कसं ठेवायचं? त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या काचेवर, अगदी कपाळाच्या जागी, ठसठशीत बोट ओढलं. बाकीच्यांना हळदकुंकू. मला शेंदूर, कारण मी पाटावर मधोमध होतो. मग हात जोडून हळूच म्हणाल्या, "लेकरायच्या डोळ्याला धक्का लागू देऊ नको बाबा."

मित्रांनो, त्या घरात पहिल्यांदाच माझ्याशी कुणी संशय न धरता बोललं. मी विरघळून गेलो.

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी ज्योतीच्या शाळेतल्या मुली खेळायला येणार होत्या. पहाटे शिवशंकर सगळं आवरू लागला. हळदकुंकू पाण्यानं निघालं. तेलातला शेंदूर मात्र निघेना, नुसता पसरला. साऱ्या काचेवर भगवं धुकं. मुली तर येऊन ठेपलेल्या. कोपऱ्यात फाटकाला रंग दिला तेव्हाचा उरलेला थिनर होता. त्यानं फडकं बुडवलं आणि मला खसाखसा पुसलं.

शेंदूर एका झटक्यात गेला. मी लख्ख चमकलो. पण मला आतून काही तरी वेगळंच वाटू लागलं. जणू माझ्या काचेत बारीक कोळी शिरून जाळं विणत होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. शिवशंकरनं मला वाऱ्यावर टांगलं, वास उडून गेला.

मुली आल्या. त्यांच्यात प्रियदर्शनी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. नववीतली, पहिल्यांदाच खेळणारी. तिनं मलाच उचललं. "मॅडम, मला हा! सगळ्यात नवा दिसून राहिला."

नवा! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी ज्योतीकडे पाहिलं. तिचा हात सवयीनं पुढे आला. तेवढ्यात शिवशंकर म्हणाला, "ताई, आज तरी राहू दे गं. मी सगळे स्वतः पुसलेत. भावावरबी भरवसा न्हाई का?"

मुली खिदळल्या. ज्योतीचा हात तसाच मागे गेला. "बरं," ती एवढंच बोलली.

मला ओरडावंसं वाटलं. बाई, ओढ माझा पट्टा! दाब माझी काच! इतकी वर्षं तुझ्यावर रुसलो, पण आज मला तपास! मुखवट्याला तोंडापुढची जाळी असते, आवाज नसतो. प्रियदर्शनीनं मला चढवलं. तिच्या पापण्या माझ्या काचेमागे फडफडत होत्या. ती झाडांकडे धावू लागली.

मंजुळाबाई मुलींसाठी पाण्याची कळशी घेऊन येत होत्या. त्यांनी तिला समोरून पाहिलं आणि थांबवलं. "थांब गं लेकी. शिवा, याच्यावरचा शेंदूर कुठं गेला?"

"पुसला माय."

"पुसला? काहून पुसलास? अन् तेलातला शेंदूर पुसून जातो का कधी? मारुतीच्या पाराची फरशी मी राखेनं घासली, तरी जात न्हाई. कशानं काढला?"

शिवशंकर घुटमळला. "ते… थोडा थिनर घेतला होता."

ज्योती वळली. "प्रियदर्शनी! जागची हलू नको. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवा!"

ती धावतच आली. मुलीला हाताला धरून बाहेर नेलं, मुखवटे काढायच्या आवारात, आणि मगच मला तिच्या तोंडावरून उतरवलं. तिनं मला तिरपं धरून पाहिलं. काही दिसलं नाही.

"बघ! काही न्हाई झालं," शिवशंकर म्हणाला.

"दिसत न्हाई म्हणून झालं न्हाई, असं कसं म्हणू?" तिनं मला एका सागाच्या खोडाला बांधलं, सगळ्यांना लांब सारलं, स्वतः मुखवटा चढवला आणि बंदूक उचलली.

फट्.

ज्या काचेनं शेकडो गोळ्या झेलल्या होत्या, ती एका गोळीत तडकली. दोन्ही थर फुटले. रंग आतल्या बाजूला, नेमका डोळ्याच्या जागी, ओघळत होता.

प्रियदर्शनीचा हात आपोआप डोळ्यावर गेला. शिवशंकर खोडाजवळ खाली बसला. मंजुळाबाईंच्या हातातली कळशी कलंडली. "माझ्या शेंदरानं झालं का गं हे?"

"न्हाई माय. शेंदरानं काच आंधळी झाली असती, फुटली नसती. थिनरनं हे प्लास्टिक आतून ठिसूळ होतं. तू विचारलंस म्हणून लेकरू वाचलं. मी विचारायची सोडली होती."

शिवशंकर खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, उद्यापासून माझंबी काही मानू नको. सगळं तपासत जा."

त्या दिवशी माझी नोकरी संपली. आता मी सागवानाच्या तोंडाशी, मांडवाच्या खांबाला लटकलेला असतो. नवी लेकरं येतात, माझ्या फुटक्या काचेतून बोट घालतात, हसतात. मग त्यांना कुणी तरी माझी हकिगत सांगतं. बोट हळूच मागे येतं.

मित्रांनो, तुमच्यावर माया करणारं माणूस तुमचा पट्टा ओढून बघत असेल, कशानं पुसलं म्हणून खोदून विचारत असेल, तर त्याला हसू नका. त्याचा हात मागे जाऊ देऊ नका. आणि आमच्यासारख्या वस्तूंना फार काही लागत नाही हो. साधं पाणी, मऊ फडकं आणि दर खेपेला थोडा संशय.

मागच्या सुट्टीत प्रियदर्शनी आली होती. आता ती कॉलेजात जाते आणि नव्या मुलांचे मुखवटे तीच तपासते. एकेकाचा पट्टा ओढत, काच दाबत ती रांगेच्या शेवटी आली. तिथं ज्योती मुखवटा चढवून उभी होती.

"मॅडम," तिनं हात पुढे केला, "तुमचाबी दाखवा."

ज्योतीनं मुकाट्यानं मुखवटा काढून तिच्या हातात दिला.