लागलं काय?

शकुनला दुसऱ्याच्या पडण्याची भारी आवड. कुणाचा हातपाय मोडावा असं तिच्या मनातही येत नसे, तेवढी ती वाईट नव्हती. पण ऐटीत चालणारा माणूस फसकन चिखलात बसला, की तिला हसू आवरायचं नाही. अमरावतीच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकता विकता तिनं या विषयाचा अभ्यासच केला होता. "पडते तो माणूस नोय, त्याची ऐट पडते," ती म्हणायची. "अन् ऐटीले काय लागते?"

सून पडली तेव्हाही ती अशीच हसली. प्रतीक्षा अकोल्याची, इथं एका पतसंस्थेत नोकरीला. त्या दिवशी संस्थेच्या वार्षिक सभेत माइक तिच्या हाती राहणार होता. मोतिया रंगाची नवी साडी नेसून, "सन्माननीय सभासदहो" असं पुटपुटत ती अंगणात आली, मेथीच्या ओल्या जुडीवर तिचा पाय पडला आणि ती थेट टमाटरच्या टोपल्यात बसली. शकुन पाऊण तास हसली. बरं, तेवढ्यावर थांबावं ना! तिनं ते बाजारभर सांगितलं, तेही नकलेसकट. तिसऱ्या दिवशी पतसंस्थेचा शिपाई प्रतीक्षाला विचारत होता, "मॅडम, टमाटर काय भाव?"

तेव्हापासून सून घरात सरकारी पत्रासारखी बोलू लागली. जेवून घ्या. गोळी घ्या. शुक्रवारी सकाळी मुलगा देवानंद चहाच्या कपात पाहत म्हणाला, "आई, प्रतीक्षा सोमवारी अकोल्याच्या शाखेत जायाचा अर्ज देऊन राहिली. मंग मलेबी तिकडंच काम पाहा लागंन."

शकुनचा चहा तसाच राहिला. खरं सांगायचं तर तिला मुलापेक्षा सुनेचीच जास्त सवय झाली होती. माफी मागावी, तर तो शब्द तिच्या जिभेला कधी वळलाच नव्हता. मग तिनं आपल्या डोक्यानं तोड काढली. मी तिच्यावर हसली, आता तिनं माझ्यावर हसावं, झाली फिटंफाट. त्यासाठी फक्त पडायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती वांग्याच्या टोपलीसकट ओट्यावरून खाली आली. वांगी गल्लीभर गडगडली. प्रतीक्षा धावत आली. "लागलं काय, आई?" चेहऱ्यावर हसण्याची रेषसुद्धा नाही. तिनं आंबेहळदीचा कढत लेप करून सासूच्या दोन्ही गुडघ्यांवर थापला.

शनिवारी सकाळी शकुन बाजेवर बसायला गेली आणि बाज सोडून खाली बसली, पाय वर करून. "लागलं काय?" या वेळी लेप कमरेपर्यंत चढला आणि बाजारात जाणं बंद झालं. दुपारी शकुननं चांगली साल मिळावी म्हणून तीन केळी खाल्ली आणि निवडलेल्या सालीवरून स्वयंपाकघरात घसरली. सुनेनं दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळल्या. "उद्या एक्स-रे काढू," ती काळजीनं म्हणाली.

रविवारी सकाळी शकुन बाजेवर पिवळीधमक पडून होती. खाली लेपाचं पातेलं, समोर टेबलावर सही केलेला अर्ज. तिचा धीर सुटला.

"कावून हासत नाही वं तू? तीन डाव पडली मी!"

"पडल्या कुठं?" प्रतीक्षा पट्टी गुंडाळत म्हणाली. "तुमी तं बसल्या. पडाच्या आधी कोणी चष्मा काढून ठेवते काय?"

"मंग तुले मालूम होतं? अन् हा लेप?"

"लेप असली होता."

शकुन तडकली. दोन दिवस आपण भाजून घेतलं आणि ही पोरगी मनातल्या मनात मजा पाहत होती! ती तरातरा उठली. एका पायाच्या पट्टीचं टोक दुसऱ्या पायाखाली आलं, आणि चष्म्यासकट ती फच्चकन पातेल्यात बसली.

"लाग..." म्हणता म्हणताच प्रतीक्षाला हसू फुटलं. ती दाराची चौकट धरून हसली, खाली बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

याच हसण्यासाठी शकुन तीनदा पडली होती. ते आता मिळालं, तर तिचे कान तापले, नाक चुरचुरलं. कंबर या खेपेला खरोखरच दुखत होती आणि कोणी विचारत नव्हतं. निदान विचारावं तरी! डोळे भरून येतात की काय असं वाटून तिनं चष्मा सरळ केला, तर काचा हळदीनं भरल्या.

अखेर प्रतीक्षा डोळे पुसत जवळ आली. "लागलं काय, आई?"

"लागलं."

"कुठं?"

शकुननं चष्म्याची काच पदरानं पुसली. "तुले टमाटरात बसल्यावर लागलं होतं ना," ती म्हणाली, "तिथंच."

प्रतीक्षाचं हसू थांबलं. ती सासूजवळ जमिनीवर टेकली. फडकं हाताशी नव्हतं. तिनं टेबलावरचा अर्ज ओढला आणि त्यानंच शकुनच्या कोपराची हळद पुसू लागली.

"पण बाजारात हे मीच सांगीन," ती म्हणाली. "नकलेसकट."