गाठ दिसली की थांबायचं

मी विळा बोलतोय. इकडे, काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर. जरा वाकलात तर दिसेन. समोरच्या खुंटीवर ती दुर्बीण टांगलीय ना, तिच्याकडे आधी बघू नका. सगळे तेच करतात.

माझ्याखाली एक चिठ्ठी आहे. ‘विळा. पिके कापण्याचे जुने अवजार. हात लावू नये.’ यातलं शेवटचं तेवढं खरं. मला दोन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. पिकाचं म्हणाल तर जन्मात एक कणीस कापलं नाही मी. मी तळ्यातला विळा, लव्हाळा कापणारा. पण लिहिणाऱ्याला कोण विचारणार?

लोहारानं मला एका मोडक्या ट्रकच्या पाट्यातून घडवलं. मूठ मात्र माझ्या धन्यानं स्वतः तासली. तिच्यात त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, तो अजून तसाच आहे. धन्याला सगळे बगळ्या म्हणायचे. काटकुळे पाय, लांब मान आणि दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभा. बायको चिडली की तीही हेच नाव घ्यायची. तो कापायचा, ती काठावर लव्हाळा वाळवून चटया विणायची. तळ्याकाठच्या चाळीस घरांचं हेच काम होतं.

स्वभाव माझा पहिल्यापासून जळका, कबूल करतो. घरातला चाकू आत फळीवर झोपायचा आणि मी बाहेर खिळ्याला, एवढ्यावरूनही माझ्या पोटात दुखायचं. पण सकाळी बगळ्या मला दगडावर घासायला बसला, अंगठा त्या खळग्यात बसला, की चाकूला म्हणायचो, तू कांदे चीर बाबा.

आमच्या कामात एक रीत होती. कापताना घरटं दिसलं की तिथले तीन लव्हाळे एकत्र ओढून गाठ मारायची. दुसऱ्या कुणाला ती गाठ दिसली की त्यानं थांबायचं आणि सगळीकडून दहा पावलं सोडून कापायचं. पिल्लं उडाली की ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची. भांडणं झालेली, एकमेकांचं तोंड न बघणारी घरंही गाठ मात्र पाळायची.

मग पक्ष्यांच्या रक्षणाचा प्रकल्प आला. साहेब भला माणूस, पण ऐकून घ्यायच्या आधी लिहून मोकळा होणारा.

“आजपासून कापणी बंद,” ते म्हणाले. “पक्ष्यांना शांतता हवी.”

“अहो साहेब, त्यांना आम्ही कधी त्रास दिला? घरटं दिसलं की गाठ मारतो, दहा पावलं सोडतो.”

“गाठ मी नियमात कशी बसवू?”

बगळ्यानं मला खांद्याला अडकवलं आणि तो घराकडे वळला. उत्तर मला सुचलं होतं, पण मला कोण विचारतो!

चाळीस घरांतल्या तिघांना नोकरी मिळाली. बाकीचे पांगले, कुणी बांधकामावर, कुणी कारखान्यात. कोणता पक्षी कुठं बसतो हे बगळ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पाहुण्यांना पक्षी दाखवायला त्याला घेतलं. गणवेश मिळाला, बूट मिळाले. आणि ती मिळाली.

पुरुषासारखा पुरुष मी, पण सवतीमत्सर काय असतो ते त्या दुर्बिणीनं मला शिकवलं. रोज मऊ फडक्यानं पुसणं काय, फुंकर काय, गळ्यात मिरवणं काय! थेट छातीवर. मला त्यानं आयुष्यात कधी छातीशी धरलं नव्हतं. धरलं असतं तर कापलं असतं म्हणा, पण ते वेगळं. ती घरात, चाकूच्या शेजारी. मी बाहेर, गंज खात. बायकोची चटई विणायची चौकट दाराआड गेली आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

एके दिवशी बगळ्यानं मला खिळ्यावरून काढलं. अंगठा खळग्यात बसला. मला वाटलं, आली आठवण! त्यानं मला घासलं, तेल लावलं, कागदात गुंडाळलं आणि या माहिती केंद्रात आणून दिलं. साहेबांना ‘जुनी एखादी वस्तू’ हवी होती. वहीत माझा नंबर पडला, बगळ्यानं सही केली. सही करताना दुर्बीण माझ्यावर लोंबत होती.

पुढं काय झालं ते मी इथूनच ऐकलं. कापणी थांबली तसा लव्हाळा माजला, पुरुषभर उंच झाला. मधलं मोकळं पाणी दिसेना. पाण्यावर उतरणारे पक्षी येत, घिरट्या घालत आणि निघून जात. दुर्बिणीतून बघावं तिकडे लव्हाळाच. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बघ म्हटलं आता डोळे फाडून!

पण बगळ्या रोज मोजून लिहीत होता. ती वही त्यानं साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली, या कपाटासमोरच, उभ्यानं.

“चुकलं आमचं,” ते म्हणाले. भला माणूस, सांगितलं ना.

वरून परवानगी आली. वर्षातून एक महिना कापणी. म्हणजे कापणी परत आणली ती त्या आकड्यांनी, आणि आकडे आणले दुर्बिणीनं. हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

बगळ्या नोकरीत, त्याला कापता येणार नव्हतं. बायकोनं कंबर कसली आणि मला न्यायला आली.

“ते देता येणार नाही हो वहिनी,” साहेब म्हणाले. “वहीत नोंद झालीय.”

“मग कापू कशानं, दुर्बिणीनं?”

मी काचेआडून हसलो. पण त्या दिवसानंतर हसलो नाही. कापायला माणसं ठेकेदारानं बाहेरून आणली, सोबत तीस नवे विळे. प्लॅस्टिकच्या लाल मुठी, सगळ्या सारख्या, खळगा कुणालाच नाही. त्यातलाच एक तिच्या हातात आला. माझ्या अंगाचा किती तिळपापड झाला, ते विचारू नका.

पहिल्याच सकाळी बगळ्याला पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून एक उशिराचं घरटं दिसलं. गणवेशासकट तो पाण्यात उतरला, गाठ मारून आला आणि निर्धास्त झाला. बायको दुसऱ्या टोकाला कापत होती.

दुपारी दोघं इथं आले. तिच्या हातात तीन लव्हाळे होते, बुडातून कापलेले, वर गाठ तशीच घट्ट.

“कापणारे आहेत म्हणजे गाठ कळणारच, असं धरून चालले मी,” ती म्हणाली. “सांगायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही हो.”

“माझ्या तरी कुठं आलं?” बगळ्या म्हणाला. “तीन अंडी होती. ती पक्षीण अजून तिथंच फिरतेय.”

त्यानं गळ्यातली दुर्बीण काढली आणि समोरच्या खुंटीला अडकवली. आज तिसरा दिवस, अजून नेलेली नाही. इतकी वर्षं याचीच तर वाट पाहिली मी. पण आता तिच्या काचांवर धूळ बसताना बघवत नाही.

साहेबांनी ती गाठ माझ्या शेजारी ठेवलीय. तिलाही चिठ्ठी आहे, ‘लव्हाळ्याचा नमुना’.

तुम्ही आता बाहेर पडाल. डाव्या हाताला तळं आहे, तिथं ती बाहेरची माणसं कापत असतील. मला बाहेर काढा असं नाही म्हणत मी. त्यांना एवढंच सांगा, गाठ दिसली की थांबायचं, दहा पावलं सोडायची. बगळ्याची बायको सांगतेय, पण एकटी किती जणांना पुरणार? माझं नाव घेऊ नका. नव्या विळ्यांनाच सुचलं म्हणा. लाल मुठीवाल्यांना.