झाडूचं मशीन

गुडघ्यांमुळे चंद्राबाईंना वाकून झाडणं जमेना, म्हणून सांगलीत राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, जयराजनं, रहिमतपूरच्या घरी फरशी झाडणारं मशीन आणून दिलं. ताटाएवढं, गोल आणि चपटं. ते जयराजच्या मोबाइलवरून चालायचं. त्यानं सांगलीतून बटण दाबलं की इकडे ते सोफ्याखाली शिरून केर गोळा करायला लागायचं.

एका दुपारी जयराजचा फोन आला.

"आई, मंगलकाकी आपल्या घरात काय करत होती?"

मंगल ही त्यांची धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. तिचा नवरा नानासो आणि जयराज यांचा उसाच्या रानावरून कोर्टात दावा चालला होता. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. पण नानासो रानात गेला की मंगल मागच्या दारानं यायची आणि दोघी जावा चहा प्यायच्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मशीनला कॅमेरा आहे. मला इथं सगळं दिसतं."

चंद्राबाईंच्या अंगावर काटा आला. सकाळी लुगडं वर घेऊन त्या सोप्यात, पुढच्या खोलीतच, गुडघ्यांना तेल चोळत बसायच्या.

"बंद कर त्यो कॅमेरा."

"बंद होत नाही. कंपनीचंच तसं असतं. आणि तू पडलीबिडलीस तर कळायला नको?"

"मी पडले का, ह्ये कवा इचारलंस? मंगल का आली, ह्ये बरं इचारलंस!"

त्यांनी फोन ठेवला आणि मशीनवर पाटी पालथी घातली.

मंगलची मुलगी क्रांती साताऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात इंजिनिअर होती. ती सुट्टीला आल्यावर चंद्राबाईंनी तिला मागच्या दारानं बोलावून घेतलं.

"मोठी आई, ह्यातलं चित्र आधी कंपनीच्या कॉम्प्युटरवर जातंय आणि तिथनं दादाच्या फोनवर," क्रांती म्हणाली. "आतला प्रोग्राम बदलला की कंपनीचा आणि दादाचा, दोघांचाबी ताबा सुटंल."

"मग झाडंल का?"

"झाडंल की. तुमी बटण दाबायचं."

तिनं झाकण उघडलं, आत वायर जोडून ती लॅपटॉपला लावली. पहिल्या खेपेला मशीन साफ मेलं. दिवा नाही, आवाज नाही. क्रांतीचा चेहरा उतरला.

"मोडलं तर मोडू दे," चंद्राबाई म्हणाल्या. "पर बघायचं थांबलं पायजे."

दुसऱ्या खेपेला ते किणकिणलं, जागच्या जागी फिरलं आणि झाडायला लागलं.

रविवारी जयराज गाडी घेऊन आला. चपला न काढताच आत शिरला. मशीन हातात घेऊन त्यानं मोबाइलवर पुन्हा पुन्हा जोडून पाहिलं. जोडलं जाईना.

"कुणी केलं हे?"

"क्रांतीनं. मी सांगितलं म्हणून."

"आपल्याविरुद्ध दावा लढणाऱ्याच्या पोरीला घरात घेतलंस? तुला लाज कशी नाही वाटली?"

"लाज? आईला चोरून बघत हुतास, तवा तुझी कुठं गेली हुती?"

जयराजनं मशीन फरशीवर आपटलं. कडेचा टवका उडाला. मग तो तसाच बाहेर गेला आणि नानासोच्या दारात उभा राहून गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "तुमची बायको आमच्याकडे चहा ढोसती, पोरगी आमची मशीनं उघडती! आधी घरातली सांभाळा, मग कोर्टात या!"

नानासो बाहेर आला. दोघांची झटापट व्हायची तेवढी राहिली. जयराज गाडीत बसला तेव्हा चंद्राबाई दारातच होत्या. त्यानं काच खाली घेतली नाही.

त्यानंतर बरेच दिवस मंगल फिरकली नाही. भिंतीपलीकडून नानासोचा आवाज तेवढा यायचा. मग एकदा भर सकाळी ती पुढच्या दारानं आली. शेजारी आपल्या ओट्यावर बसलेल्या नानासोनं मान फिरवली.

"काय म्हणलं भाऊजी?" चंद्राबाईंनी विचारलं.

"गेलीस तर परत येऊ नगंस म्हणलं. मी म्हणलं, मग दुपारच्या भाकरी तुमीच थापा."

चंद्राबाई हसल्या नाहीत. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "जयराजचा फोन न्हाई गं आला. मीबी केला न्हाई."

"करा की."

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.