पहिल्या प्रश्नाचा मान

आमच्या किनारा ज्ञानमंडळात व्याख्यान संपल्यावर पहिला प्रश्न विचारायचा मान धुरींच्या घराण्याकडे आहे. हसू नका. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला नारळ कोणाचा, यावरून आमच्या मालवणात कोर्टकज्जे होतात, मग प्रश्नानेच काय पाप केलंय? मंडळाच्या पहिल्यावहिल्या व्याख्यानाला एका धुरींनी उठून काहीतरी विचारलं. दुसऱ्या वेळीही त्यांनीच विचारलं. तिसऱ्या वेळी भलताच कोणी उठायला लागला, तेव्हा लोकांनीच त्याला सदरा धरून खाली बसवलं. झाला मान.

पुढे हा मान सांभाळणारे थोरले धुरी निपुत्रिक वारले. त्यानंतरचं व्याख्यान धूमकेतूंवर होतं. ते संपलं आणि दोन पुतणे एकदम उभे राहिले, थोरल्या घरचे गणपत आणि धाकट्या घरचे बाबू. 'मान माझो', 'मान माझो' यात धूमकेतू राहिला बाजूला. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं, म्हणजे निकाल लागेपर्यंत दोघांनीही विचारायचं नाही. धुरींच्या दोन घरांमधली सामाईक विहीरही त्याच दाव्यात अडकली. तिचा राहाट निघाला, वर पत्रे पडले.

आता पहिला प्रश्न नाही म्हणजे दुसराही नाही. आनंदीवहिनींनी एकदा 'हा माझा दुसरा प्रश्न समजा' म्हणून सुरुवात केली, तर आमचे अध्यक्ष गुरुप्रसाद म्हणाले, "वहिनी, थोरलीचं ठरायच्या आधी धाकटीला बोहल्यावर चढवू नका." वहिनी बसल्या. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी माइक हातात घेऊन 'मागे ऐकू येतंय का?' एवढंच विचारलं, तर दोन्ही धुरी ताडकन उठले. परक्या माणसाने मान मोडला! व्याख्यान थांबवून दारात नारळ ठेवावा लागला, गाऱ्हाणं घालावं लागलं. सगळं सभागृह 'व्हय म्हाराजा' म्हणत असताना पाहुणे भिंतीला पाठ लावून उभे होते. ते परत आले नाहीत.

हे सगळं मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि हसण्यावारी नेलं. मग माझंच पुस्तक आलं, आणि त्याचं प्रकाशन मंडळात ठरलं.

मी नीरजा, शाळेत भूगोल शिकवते. 'मालवण तालुक्यातील विहिरी : एक अभ्यास' हे माझं पुस्तक. नाव रुक्ष आहे, ठाऊक आहे मला. कित्येक वर्षं दर रविवारी स्कूटर काढून मी गावोगावच्या विहिरींत डोकावत फिरले. धुरींची विहीरही त्यात आहे. दोन्ही घरांची वेगवेगळी परवानगी काढून, पत्रा उचलून मी तिच्यात बाटली सोडली होती. या सगळ्या काळात माझ्या नवऱ्याने, विनीतने, 'जेवायला असशील ना?' यापलीकडे मला काही विचारलं नाही. शाळेतही नाही, शेजारीपाजारीही नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला हार नको होते, शाल नको होती. माझ्या विहिरींबद्दल मला कोणीतरी एक प्रश्न विचारायला हवा होता. एकच.

तुम्ही म्हणाल, दुसरीकडे करा प्रकाशन. दुसरीकडे म्हणजे कुठे? मंगल कार्यालयात? तिथे लोक जेवण कधी आहे ते विचारतात.

म्हणून मी धुरींकडे गेले. आधी गणपतकाकांकडे. त्यांच्या काशीबाईंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "नळाच्या पाण्याची चाय आसा गो बाई. सोसून घे."

"काका, तुम्ही दोघांनी एकाच वेळी विचारलं तर?" मी म्हटलं. "एकच प्रश्न, एका सुरात. कोणी पहिला नाही, कोणी दुसरा नाही."

"आनी तो अर्धो शबूद आदी बोललो तर?"

"शिट्टी वाजवू. शर्यतीत वाजवतात तशी."

काकांनी सुपारी तोंडात टाकली. "माका काय हौस नाय," ते म्हणाले, "पण मान गेलो तर मगे रवला काय?"

तिथून विहिरीला वळसा घालून बाबूकाकांकडे गेले. तिथला चहा विकतच्या बाटलीतल्या पाण्याचा. बाबूकाकांनीही शब्दाशब्दाला तेच सांगितलं, फक्त सुपारी नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभसुद्धा शाबूत होता. पण दोघेही कबूल झाले. वकिलांनीही मान हलवली. कोण पहिला हाच दावा होता आणि आता कोणीच पहिला नसणार होता.

प्रकाशनाला सभागृह खच्चून भरलं. विहिरींसाठी नव्हे, शिट्टीसाठी. शाळेतले कबड्डीचे पंच निलेश सर शिट्टी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. पुस्तकाची रिबीन सुटली, मी माझं भाषण केलं, आणि धुरी उठले. पहिल्या खेपेला बाबूकाका शिट्टीच्या आधीच सुटले. निलेश सरांनी त्यांना परत बसवून उठवलं. दुसऱ्या खेपेला दोघांचा एकच आवाज निघाला.

"धूमकेतू परत येता तेवा तेका वाट कोण दाखयता?"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हा प्रश्न माझ्या पुस्तकावरचा नाही," मी म्हटलं.

"नाहीच," गुरुप्रसाद म्हणाले. "धूमकेतूचा प्रश्न आधी तुंबला होता. क्रमाने जायला नको? तुमचं पुस्तक सगळ्यांत शेवटी."

"पण मला धूमकेतूंमधलं काय कळतं!"

"उत्तर खुर्ची देते, बाई. खुर्चीवर तुम्ही आहात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दिलं उत्तर. सूर्य त्याला ओढून घेतो म्हणून सांगितलं. मग लोकांनी इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेले धूमकेतूवरचे प्रश्न बाहेर पडले. ते संपल्यावर शिट्टी वाजली, धुरींनी बिबट्यावरच्या व्याख्यानाचा पहिला प्रश्न विचारला, आणि मागून एक शेतकरी उठला. "बिबट्यान आमचो कुत्रो व्हरलो, तेवा आमी काय करूक होया होता?" कुत्रा जाऊन युग लोटलं होतं, पण माणसाच्या चेहऱ्यावर ते कालचंच होतं. मी म्हटलं, रात्री घरात घ्यायला हवा होता. तो मान हलवून बसला आणि डोळे पुसू लागला.

मग सर्पविष झालं. मग मधुमेह. 'साखर आसा तर हापूस खावचो काय नाय?' असं एका आजोबांनी विचारलं. उत्तराची वाट बघत ते प्रत्येक हंगामात खातच आले होते. मग जुन्या गडकोटांच्या कुलपांची पाळी आली आणि माझा नवरा उठला. माझा! विनीत! त्याने कुलपांच्या किल्ल्या कुठल्या धातूच्या होत्या ते विचारलं, तेही किती अगत्याने. या माणसाच्या पोटात एवढं कुतूहल होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि असा राग आला की मी 'लोखंडाच्या' म्हणून ठणकावून सांगितलं. खरं काय ते देव जाणे. उत्तर मिळाल्यावर तो समाधानाने बाजारात मासे आणायला गेला.

हळूहळू सगळेच गेले. ज्याचा प्रश्न सुटला तो उठला. कोणाला एसटी पकडायची होती, कोणाला देवळात जायचं होतं. सरांना पोरांचा सराव घ्यायचा होता, ते शिट्टीसकट गेले. दिवेलागणीला गुरुप्रसादांनी घसा खाकरला. "आता बाईंचं पुस्तक."

सभागृहात आम्ही चौघंच होतो. ते, मी आणि दोन धुरी. धुरींना जाता येत नव्हतं, शेवटच्या व्याख्यानाचाही पहिला प्रश्न त्यांचाच. माझा घसा बसला होता, पाय दुखत होते आणि मनातून मी पार खट्टू झाले होते.

"ह्येचो प्रश्न वकिलांनी ठरवन दिलेलो नाय," गणपतकाका म्हणाले. "आमका इचार करूक होयो."

दोघे पडवीत गेले. खिडकीतून मला दिसत होते. आधी दोघे दोन खांबांना टेकून रस्त्याकडे बघत होते. मग बाबूकाका काहीतरी बोलले. मग गणपतकाका. मधे वकील नव्हता, पंच नव्हता, कोणीच नव्हतं. गुरुप्रसादांनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

ते आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. शिट्टी नव्हती म्हणून गुरुप्रसादांनी टाळी वाजवली. गणपतकाकांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बाबूकाका एकटेच बोलले.

"बाई, आमच्या बावीचा पाणी अजून गोडा आसा काय गो?"

गणपतकाकांनी हरकत घेतली नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

खोटं बोलावंसं वाटलं. पण पुस्तकात छापलं होतं, आणि मी ती बाटली स्वतः हुंगली होती. "नाय, काका," मी म्हटलं. "हिरवा झाला. वास येता. उपसो नाय तर पाणी कुजता."

दोघांच्या माना खाली गेल्या. त्या विहिरीवर दोघांनी एकत्र अंघोळी केल्या असतील, एकमेकांच्या डोक्यावर कळशा ओतल्या असतील. सभा संपली असं समजून गुरुप्रसाद आभार मानायला उठले.

पहिल्या प्रश्नाला मान असतो, दुसऱ्याला नसतो. तो कोणीही विचारावा. धुरींनी तो एकदमच विचारला, शिट्टीशिवाय, टाळीशिवाय, दोघांनी एकाच श्वासात.

"उपसली तर परत येतला गो?"

माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण एवढ्या एकाच प्रश्नावर आहे. इतक्या रविवारांत मला तो कोणी विचारला नव्हता. मला रडू फुटलं, आणि म्हाताऱ्यांना वाटलं, आपलं पाणी गेलं.

"येतला," मी म्हटलं, आणि कसं ते सांगायला खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसले.