कच्च्या टाक्यांचं मृत्युपत्र

“बोला, कुठे आवळतंय?”

धाकटीला कळायला लागलं तेव्हापासून हा आवाज तिच्या कानात होता. तोंडात टाचण्या धरून बोललेला, म्हणून जरा दबका, पण आईने कपाळावरून हात फिरवावा इतका मऊ. बाबा गिऱ्हाइकाला दुकानातल्या तीन पाखांच्या आरशापुढे उभं करायचे, कच्च्या टाक्यांचा कोट त्याच्या अंगावर चढवायचे, मागे सरून मान तिरकी करायचे आणि विचारायचे. गिऱ्हाईक भिडेखातर म्हणायचं, “छान आहे, मास्तर.” त्यावर बाबा म्हणायचे, “छान म्हणणाऱ्याचाच कोट आधी फाटतो. लाजू नका. बोला.” मग तो माणूस हळूच म्हणे, “काखेत जरा...” आणि बाबांचा चेहरा उजळून निघे. जणू त्या काखेचीच ते जन्मभर वाट बघत होते.

बाबा शिंपी होते, आणि हाताला देवाघरची सफाई होती. खोड एकच, ती म्हणजे उद्या. कोट कधी मिळेल? उद्या. पँट? उद्या नक्की. गावात त्यांना शिंपीमास्तर कुणी म्हणत नसे, उद्यामास्तर म्हणत. ते खोटं बोलत नसत. त्यांचा उद्यावर खरोखरच विश्वास होता, दुसऱ्या कुणाचा देवावर असतो तेवढा.

घरात तिघं मुलं. थोरला एका कचेरीत साहेब झाला आणि “प्रॅक्टिकली बघायला गेलं तर” असं म्हटल्याशिवाय पाणीही मागेनासा झाला. मधली लग्न होऊन गेली आणि तिला स्वतःचं मत उरलं नाही, “आमच्या ह्यांचं म्हणणं” तेवढं उरलं. धाकटी कुठे गेलीच नाही. ती दुकानात राहिली, आधी टाचण्यांची डबी धरायला, मग काजं करायला, मग कापायला. बाबांची नजर अधू झाल्यावर बाबांच्या नावावर खपणारं निम्मं काम तिच्या हातचं होतं. मागच्या खोलीत आई अस्तरं टाचत बसायची आणि पायमशीनच्या तालावर गुणगुणायची,

“सुई जाते पुढे पुढे, दोरा येतो मागे मागे,
शिवण गं कुणासाठी, उसवण कुणा लागे?”

बाबांनी मुलांना वचनं दिली तीही ट्रायलच्या वेळी. थोरल्याच्या लग्नाचा सूट अंगावर बेतताना त्याचे खांदे बघून ऊर भरून आला आणि म्हणाले, “पुढे दुकान तुलाच बघायचंय बरं.” मधलीच्या पोशाखाची घडी नीट करताना तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, म्हणाले, “मागची खोली तुझी. माहेर तुटायचं नाही.” दोघांनाही वर सांगून ठेवलं, “दुसऱ्याला बोलू नकोस.” दोघंही बोलले नाहीत. धाकटीला मात्र काहीच सांगितलं नाही. तिची ट्रायल कधी झालीच नव्हती. जिचं माप पाठ असतं तिला आरशापुढे कोण उभं करतो?

मृत्युपत्राची गोष्ट काढली ती वकीलसाहेबांनी. ते जुने गिऱ्हाईक. त्यांच्या एका पँटचं कापड बाबांकडे येऊन पडलं होतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “तीन मुलं, एक दुकान, आणि तुमचा स्वभाव हा असा. लिहून ठेवा.”

“तुम्हीच लिहा की.”

“लिहितो. पण आधी माझी पँट.”

“आधी कागद येऊ दे. पँट काय, उद्या.”

असं घोंगडं बरंच भिजत पडलं. तेवढ्या काळात वकीलसाहेबांचं पोट एकदा सुटलं, एकदा उतरलं आणि हट्टाने परत आलं. दर वेळी माप नव्याने. शेवटी त्यांनीच माघार घेतली आणि मसुदा टाईप करून आणला. चांगला खणखणीत, कुठे शंकेला जागा नाही. बाबांनी तो कटिंगच्या टेबलावर पसरला, उडू नये म्हणून एका टोकाला कात्री ठेवली, दुसऱ्या टोकाला थंड इस्त्री, आणि हातात खडू घेतला.

“हे काय करताय?” वकीलसाहेब घाबरले.

“ट्रायल. ट्रायलशिवाय कसं? हे बघा, इथे थोरल्याला घट्ट होतंय. मधलीच्या बाजूला अस्तरच नाही. आणि माया कुठे सोडलीय? माणसं पुढे सुटतात, वाळतात. उसवून वाढवता आलं पाहिजे.”

“मास्तर, कोटाला माया ठेवा हो. मृत्युपत्रात ती ठेवली की तिच्यासाठीच मारामारी होते. सही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, सुटलात. उद्या मन बदललं तर नवं करू.”

“पक्की शिलाई उसवली की कापडावर भोकं राहतात, वकीलसाहेब. थोडं कच्च्यावर राहू दे. उद्या बघू.”

मग काय, जो भेटायला येईल त्याच्या अंगाला बाबा मनातल्या मनात तो कागद लावून बघू लागले. थोरला येऊन गोड बोलून गेला की खडूची रेघ इकडे सरके. मधली रुसून गेली की तिकडे. कागद खडूने पांढरा झाला, सहीची जागा कोरीच राहिली.

आणि एका दुपारी कुणाच्या तरी कोटाच्या बाहीवर इस्त्री फिरवता फिरवता बाबा खाली बसले ते उठले नाहीत. जाता जाता इस्त्री मात्र त्यांनी उभी करून ठेवली होती. परक्याच्या बाहीला डाग पडू नये एवढं त्या शेवटच्या क्षणीही सुचलं. घरच्यांचं काय, ते उद्या.

दुःखाचे दिवस सरले तशी वचनं बाहेर आली. थोरला म्हणाला, “बाबांनी दुकान मला दिलंय.” मधली म्हणाली, “आमच्या ह्यांचं म्हणणं, मागची खोली धरूनच दुकान, आणि ती माझी आहे.” दोघांनी वकीलसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी खडूने माखलेला कागद हातात धरला आणि शोकसभेत बोलावं तसं बोलले.

“याला सही नाही, साक्षीदार नाहीत. हे मृत्युपत्र नव्हे, मृत्युपत्राचं कापड आहे. आता कायद्याने तुम्हा चौघांचा सारखा वाटा. आई धरून.”

“मग वाटे पाडू,” थोरला म्हणाला. “प्रॅक्टिकली बघायला गेलं तर त्यात काय अवघड आहे?”

शिंप्याचीच पोरं ती. दुसऱ्या कुणी मोजणीदार बोलावला असता. यांनी बाबांची टेप काढली, बाबांचाच खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर रेघा मारल्या. अगदी कोट कापावा तशा, कोपऱ्यांना गोलाई देऊन. रेघा सुबक आल्या, त्यात वाद नाही. पण पायमशीन मधोमध सापडलं. चाक थोरल्याच्या हद्दीत, पायडल मधलीच्या. आरशाची तीन पाखं तिघांना. आईच्या वाट्याला दाराचा उंबरा आणि कपडे बदलायची आडोशाची जागा अर्धी.

“अर्धी का?” धाकटीने विचारलं.

“उरलेली माझ्यात येते,” मधली म्हणाली. “आमच्या ह्यांनी रेघ बघितलीय.”

त्याच वेळी, ज्याच्या कोटाच्या बाहीवर बाबांचा शेवटचा हात फिरला, तो गिऱ्हाईक कोट-पँट न्यायला आला. शेजारी घड्याळं दुरुस्त करायचा तो. आडोशात गेला आणि आतूनच ओरडला, “अहो, माझा डावा पाय कुणाच्या मालकीच्या जागेत आहे ते आधी सांगा, मगच पँट बदलतो!”

धाकटी एवढ्यातही हसली. पण या दुकानाशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. दुकान गेलं तर सकाळी उठून कुठे जायचं, हातांनी काय करायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिचे दिवसच्या दिवस इथल्या शिवणींत गेले होते. पण कुणी विचारलं की ती म्हणे, “मला काय, तुम्ही म्हणाल तसं.” लहानपणापासूनची सवय. टाचण्यांची डबी धरणाऱ्याने बोलायचं नसतं.

थोरल्याने मग फोन विकणारा एक माणूस आणला, दुकान विकायचं म्हणून बघायला. तो रेघांवरून उड्या मारत फिरला, आरशात केस सारखे केले आणि म्हणाला, “हे सगळं काढून टाकावं लागेल.” थोरला म्हणाला, “काढू की.” मधली म्हणाली, “आमच्या ह्यांना चालेल.” मग तिघांनी धाकटीकडे बघितलं. “तुझं काय?”

“मला काय,” ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.”

आई मागच्या खोलीतून हे ऐकत होती. तिचं गुणगुणणं थांबलं.

सह्या करायच्या दिवशी सगळे दुकानात जमले. वकीलसाहेब विक्रीचे कागद घेऊन आले. धाकटीने त्यांच्या हातात एक पुडकं ठेवलं. त्यांनी उघडलं. आत पँट होती.

“अगं बाई!” ते उभेच राहिले. “ही झाली?”

“बाबांनी कापली होती. शिवली मी. कमरेला थोडं जास्तीचं ठेवलंय.”

“मास्तरांनी माझ्या पोटासाठी ठेवलं,” वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “तुमच्यासाठी एक सही ठेवली नाही.” मग ते आईकडे वळले. “वहिनी, आता राग मानू नका, पण तुमच्या वाट्याचं तरी तुम्ही लिहून ठेवा. पुन्हा हा गोंधळ नको.”

“बघू उद्या,” आईच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. दुकानात बाबांचीच चाहूल लागावी तसं झालं.

“नको,” आई म्हणाली. “आज. आत्ताच्या आत्ता लिहा. विकायचे कागद राहू देत बाजूला.”

“आई, प्रॅक्टिकली बघायला गेलं तर—”

“तू गप्प बस रे. तुझ्या प्रॅक्टिकलीने माझ्या वाट्याला अर्धा आडोसा आलाय. साक्षीदार कोण लागतात, वकीलसाहेब?”

“दोघं. धडधाकट डोक्याचे, आणि ज्यांना यातून काही मिळायचं नाही असे. मुलं नकोत, जावई नकोत.”

मधलीने फोनकडे हात नेला होता तो मागे घेतला. घड्याळवाला आला, समोरचा न्हावी साबणाच्या हातांनी आला. दोघंही रेघांच्या बाहेर, उंबऱ्यावर उभे राहिले. तो एवढा तुकडा आईचा होता.

वकीलसाहेबांनी कोरा कागद टेबलावर ठेवला, पेन उघडलं. “बोला वहिनी. तुमचा वाटा कुणाला?”

“ते मला अजून ठाऊक नाही.”

“म्हणजे?”

“माप घेतल्याशिवाय कापायचं नाही, हे यांचं अर्धं शहाणपण होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे माप घेतल्यावर पक्कं शिवून टाकायचं, ते त्यांना जमलं नाही, ते मी आज करणार आहे.” आईने बाबांची टेप उचलली. थोरला छाती काढून पुढे झाला, मधली ओढणी सावरून. आई दोघांना ओलांडून गेली. रेघांवरून सरळ पाय देत गेली, तशी खडूची पावडर उडाली आणि दोन हद्दी तिथेच पुसल्या गेल्या. धाकटीला दंडाला धरून तिने तीन पाखांच्या आरशापुढे उभं केलं. टेप तिच्या खांद्यांवर ठेवली.

आरशात धाकटी पहिल्यांदाच तीन बाजूंनी स्वतःला दिसली. खांदे पुढे आलेले, वाकून काम करणाऱ्याचे. बोटांना सुईचे घट्टे. डोळे बाबांचे.

“तुला कधी कुणी विचारलं नाही,” आई म्हणाली. “त्यांनी नाही, मीही नाही. घरचीच म्हणून. बोल, कुठे आवळतंय?”

“मला काय, तुम्ही...” धाकटीने सवयीने सुरुवात केली.

“छान म्हणणाऱ्याचाच कोट आधी फाटतो,” उंबऱ्यावरून घड्याळवाला हळूच म्हणाला. या दुकानात उभं राहून त्याने ते कितीदा ऐकलं होतं.

आरशात थोरला दिसत होता, मधली दिसत होती. दोघंही खाली, पुसल्या गेलेल्या रेघांकडे बघत होते. तिने टेपची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली, जसं लहानपणी बाबांचं बोट धरायची.

“दादा, ताई, तुमच्या वाट्याचं जे होईल ते मी शिवून फेडीन, वेळ लागला तरी फेडीन,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटेना. “पण दुकान मला हवंय, आई. विकायला नाही. बसायला. मला पहिल्यापासूनच हवं होतं. आणि ते उद्या नाही, आज लिहा.”