अल्ताफ घरी नाई

भद्रावतीत सोफे शिवणाऱ्या अल्ताफने जुन्या कर्जापायी झालेल्या कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम उन्हाळ्यात फेडली, आणि भाड्याचं राहतं घर विकत घ्यायला बँकेत गृहकर्जाचा अर्ज टाकला. बँकेची हरकत नव्हती. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो का, एवढंच त्यांचा माणूस येऊन पाहणार होता.

तो सकाळी आला आणि त्याने कडी वाजवली. त्यासरशी अल्ताफ पलंगाखाली गेला. कर्ज फिटलं होतं, पण कडीची धास्ती तेवढी अंगात राहिली होती. त्याच्या बायकोने, रशिदाने, पिठाच्या हातांनी दार किलकिलं केलं आणि वसुलीला येणाऱ्या कोर्टाच्या बेलिफाला वर्षानुवर्षं सांगितलं तेच सांगितलं, "ते घरी नाई. अहेरीले गेले."

दार लावल्यावर तिने कपाळावर हात मारला. "या खुदा! हा तर बँकवाला होता!"

अल्ताफ जळमटांसकट गल्लीत धावला. बँकेचा माणूस शेजारच्या जलालुद्दीनचाचांकडे चौकशी करत होता.

"साहेब, मीच अल्ताफ! मी इथीच राह्यतो!"

चाचांनी त्याला हळूच डोळा मारला. पडत्या काळात साथ सोडणारे शेजारी नव्हते ते. "याच्याकडे लक्ष नका देऊ, साहेब. हा तो नोय. अल्ताफले तर आम्ही किती साल झाले, पाह्यलंच नाई."

साहेबाने कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. अल्ताफच्या खिशात ओळखपत्र होतं, पण ते काढायला हात उठेना. क्षणभर त्याला स्वतःलाच खात्री वाटत नव्हती.