बेटावर पैंजण चालत नाहीत

गौतमीच्या पैंजणांना मी मुद्दाम जास्तीचे घुंगरू लावून घेतले होते. सणसवाडीच्या भाड्याच्या खोलीत मी ओट्याकडे तोंड करून उभी असले, तरी चार वर्षांची लेक कुठं आहे ते मला कानानं कळायचं. हे म्हणायचे, "शेळीच्या गळ्यात बांधतात, तू पायात बांधलंस."

त्या गुरुवारी ह्यांना कंपनीची सुट्टी होती. खुटबावहून सासूबाईंना घेऊन आम्ही भीमेतल्या बेटावर निघालो. बाभळी-करंजांचं दाट रान, वनखात्यानं राखलेलं. नावेत मी पदराचं टोक गौतमीच्या कमरेला बांधलं.

"नाव बुडली तर दोघी संगंच जाशाल," सासूबाई म्हणाल्या. "बरं हाय, सोबत व्हईल."

काठावर वनरक्षक हौसराव उभे होते. त्यांनी आधी गौतमीच्या पायांकडं पाहिलं.

"ताई, पैंजण काढा. झाडावर बगळ्यांची पिल्लं हायत. आवाजानं दचकून खाली पडत्यात. आन् पडलेलं पिल्लू त्याची आई उचलत न्हाई."

"पण मग ही कुठं आहे ते मला कसं कळणार?"

"डोळं हायती की," सासूबाई म्हणाल्या.

पैंजण रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. पुढं हौसराव, मग आजीचं बोट धरून गौतमी, मागं मी आणि हे. पायवाट करंजाच्या जाळीमागं वळली आणि पोर दिसेनाशी झाली. आवाज नाही, काही नाही. हाक मारायची नाही एवढं भान मला होतं. पळायचं नाही, हे मात्र विसरले.

हातातल्या पिशवीत जेवणाचा स्टीलचा डबा, त्यावर चार पेले आणि डाव. सगळं एकदम खणखणलं. डोक्यावरचं झाड पांढरंशुभ्र होऊन उडालं.

गौतमी वळणापलीकडं चार पावलांवर होती. आजीचं बोट तसंच धरलेलं. तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, "आई, शूऽ!"

हौसरावांनी झाडाखाली फिरून पाहिलं. एकही पिल्लू पडलं नव्हतं.

"पोरीचं पैंजण उगाच काढलं," ते म्हणाले. "वाजताय तर तुमी. आता पिशवी घिऊन इथंच बसा. म्होरं पिल्लं लई हायत. पोरीला आजीसंगं मी दावून आणतो."

"किती वेळ लागेल?"

"बगळ्याला घड्याळ न्हाई, ताई."

"करुणे, बस गप," सासूबाई म्हणाल्या. "ह्याच नदीत तुझ्या नवऱ्याला सोडून मी धुणं धुवायची."

"म्हणून तर काळजी वाटते," मी म्हणाले. हे खुदकन हसले आणि माझ्याशेजारी दगडावर बसले.

गौतमी वळणामागं गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

उठावं तर पक्षी पुन्हा उडणार. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती. हळूहळू बगळे परत उतरले. समोरच्या बाभळीवर एका घरट्यात तीन पिल्लं होती. त्यांच्या आईनं एक काडी सारखी केली, पिल्लांकडं पाहिलं आणि सरळ नदीपलीकडं उडून गेली.

"गेली!" मी पुटपुटले. "एकटं टाकून?"

"मासे आणायला गेली असेल."

"कुणाला तरी सांगून जायचं ना!"

"तुझ्यासारखी बी.एस्सी. झालेली नसेल ती."

मला हसू आलं. तोंडावर पदर दाबून, डबा मांडीवर घट्ट धरून मी हसले. उठले मात्र नाही.